पकड

या शनिवारचा विषय जरा हात काळे करणारा आहे. सायकलच्या हँडलवर मूठ फिरवून गिअर बदलायची जी सोय असते, तिचं रबर झिजलं तर काय करायचं? ज्यांच्या सायकलला गिअरच नाहीत त्यांनी खुशाल चहा घेऊन यावं. थांबलात तरी हरकत नाही, कारण यात बजाज चेतक आहे, जुहूची हवा आहे आणि आमचे बाबा आहेत.

आधी थोडी ओळख. आडव्या हँडलच्या गिअरवाल्या सायकलींवर गिअर बदलायचे मुख्य प्रकार दोन. पहिला ट्रिगर: हँडलच्या खाली दोन छोटे खटके असतात, ते अंगठ्याने (काही वेळा तर्जनीने) दाबायचे. दुसरा ट्विस्ट शिफ्टर: मुठीचा आतल्या बाजूचा भागच गोल फिरतो, स्कूटरच्या ॲक्सिलरेटरसारखा, आणि कट्-कट् करत एकेक गिअर पडतो. हा दुसरा प्रकार सायकलींवर गाजवला तो स्रॅम या शिकागोच्या कंपनीने. १९८७ साली सुरू झालेल्या या कंपनीचं पहिलं उत्पादनच 'ग्रिप शिफ्ट' हे होतं, १९८८ सालचं. पुढे शिमानोनेही 'रेव्होशिफ्ट' नावाने आपला अवतार आणला. आज महागड्या सायकलींवरून हा प्रकार जवळजवळ गेलाय आणि स्वस्त, मध्यम सायकलींवर उरलाय. त्यामुळे रविवारी पहाटे हेल्मेट-बिल्मेट घालून निघणाऱ्या मंडळींमध्ये त्याची पत शून्य. 'अरे, ते लहान मुलांच्या सायकलला असतं ना?' वगैरे.

पण आपल्या आधीच्या पिढीने अख्खं आयुष्य मूठ फिरवूनच गिअर टाकलेत, हे आपण विसरतो. १९४६ साली इटलीत व्हेस्पा आली तीच मुळी हँडलवरच्या गिअरसकट. पियाजिओबरोबरच्या करारातून बजाजने तशा स्कूटर आपल्याकडे बनवल्या, आणि करार संपल्यावर १९७२ पासून चेतक. डाव्या हातात क्लच, आणि क्लच दाबून ती अख्खी मूठच फिरवायची. वर पहिला, मग न्यूट्रल, मग खाली दुसरा, तिसरा, चौथा. बाबांनी १९७९ साली नंबर लावला आणि १९८६ साली त्यांना चेतक मिळाली. सात वर्षं! आपण ॲप अपडेट व्हायला सात मिनिटं लागली तरी चिडतो. आकुर्डीहून निघालेली ती स्कूटर आमच्याकडे वीसेक वर्षं होती, आणि मी तिच्या पुढच्या फळीवर उभा राहून शाळेत गेलोय. (२०२० मध्ये चेतक परत आली, विजेवर चालणारी. गिअरच नाहीत. बाबा शोरूमच्या काचेतून बघून म्हणाले, "दिसते छान, पण हाताला काम काय?")

असो. तर बाबा आता बहात्तर वर्षांचे आहेत. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी त्यांना संधिवात आहे. ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे अंगठ्याने जोर लावून काही ढकलायचं, दाबायचं नाही. टीव्हीच्या रिमोटचं घट्ट बटणसुद्धा ते तर्जनीने दाबतात. म्हणून आठ-नऊ वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी सायकल घेतली तेव्हा मुद्दाम मूठ फिरवायच्या गिअरची घेतली. पुढे तीन, मागे सात. पहिल्या दिवशी सोसायटीला एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "हे तर आपल्या चेतकसारखंच आहे की! फक्त हात बदलला." खरंच होतं ते. मूठ आपल्याकडे फिरवली की हलका गिअर, पुढे ढकलली की जड. दोन्हीकडे दिशा तीच. बोटांना माहीत असलेली गोष्ट नव्याने शिकवावी लागली नाही.

मग त्यांचा रविवारचा कार्यक्रम ठरून गेला. पहाटे जुहूहून निघायचं, कूपर हॉस्पिटलवरून एस. व्ही. रोड, तिथून कॅप्टन गोरे पूल चढून पार्ले पूर्वेला. तिथे बँकेतल्या जुन्या मित्रांचा कट्टा. चहा, राजकारण, कोणाचं कुठलं ऑपरेशन झालं त्याची उजळणी, आणि नऊच्या आत घरी. आई गेल्यानंतर तर या कार्यक्रमाला घरात कोणी हात लावत नसे. लग्नकार्यं, पाहुणे, सगळं त्या आगेमागे.

गेल्या पावसाळ्यानंतर मात्र त्यांनी एक रविवार चुकवला, मग दुसरा. मग एकदा रात्री जेवताना भाजी वाढून घेता घेता म्हणाले, "ती सायकल कोणाला तरी देऊन टाक रे. वॉचमनचा मुलगा वापरेल."

"का हो?"

"आता हातात जोर राहिला नाही. पुलावर गिअर पडत नाही माझ्याच्यानं. उतरून ढकलत न्यावी लागते. लोक बघतात."

शेवटचे दोन शब्द ते फार हळू बोलले. मी काही म्हणालो नाही. पण हाताला जोर नाही म्हणणारा हा माणूस रोज सकाळी आंघोळीनंतर स्वतःचा पंचा स्वतः पिळून वाळत घालतो, आणि तो पंचा तासाभरात वाळतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण आमच्याकडे अजून त्यांनाच उघडायला देतात. पिळायला, फिरवायला तळहात आणि चार बोटं लागतात आणि ती ठणठणीत होती. दुखतो तो अंगठा, आणि या गिअरला अंगठा लागतच नाही. म्हणजे लक्षण खरं, निदान चुकीचं. ऑफिसात असे बग रोज येतात. युजर म्हणतो 'सर्व्हर स्लो आहे', आणि सर्व्हर बिचारा निवांत झोपा काढत असतो.

शनिवारी खाली जाऊन सायकल बघितली. उजव्या शिफ्टरचं रबर हाताळलं तेव्हाच अर्धी गोष्ट कळली. नव्या शिफ्टरवर आडव्या उभारलेल्या पट्ट्या असतात, बोटांना पकड मिळावी म्हणून. त्या जवळजवळ सपाट झाल्या होत्या. त्यावर एक पांढुरका थर होता. बाबांना विचारलं तर म्हणाले, "मध्यंतरी फार चिकट झालं होतं ते, हाताला काळं लागायचं. म्हणून मी टाल्कम पावडर लावतो." चिकटपणा गेला, त्याबरोबर पकडही गेली. :-)

हे चिकट होणं काय प्रकरण आहे? टायरचं रबर व्हल्कनाइज केलेलं असतं, म्हणजे गंधक आणि उष्णता वापरून त्याचे रेणू एकमेकांना कायमचे बांधलेले असतात. चार्ल्स गुडइयरने १८४४ साली ज्याचं पेटंट घेतलं ती हीच प्रक्रिया. स्वस्त मुठींवरचं मऊ 'रबर' मात्र बरेचदा रबर नसतंच. ते थर्मोप्लास्टिक इलास्टोमर असतं, गरम करून साच्यात ओतलेलं, रबरासारखं वागणारं प्लास्टिक. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखे पदार्थ मिसळतात. ऊन, घाम, हातावरचं तेल आणि क्रीम यांच्या संगतीत काही वर्षं काढली की हे पदार्थ पृष्ठभागावर येतात आणि वस्तू चिकट होते. जुन्या रिमोटचं, दुर्बिणीचं, लॅपटॉपच्या माऊसचं जे होतं तेच. (त्यांच्यावर बरेचदा पॉलियुरेथेनचा लेप असतो. त्याचं कारण थोडं वेगळं, हवेतली आर्द्रता त्याचे रेणू तोडते. हाताला येणारा अनुभव मात्र तोच.)

पण नुसतं रबर झिजल्याने गिअर पडणं इतकं बंद होईल हे मला पटेना. म्हणून एक सोपा प्रयोग केला. कोथिंबिरीच्या जुडीला येतात तसली रबरं आमच्या स्वयंपाकघरातल्या खुंटीवर शेकड्याने लटकतात. त्यातली सात-आठ जाड रबरं शिफ्टरवर शेजारी शेजारी चढवली आणि बाबांना खाली बोलावलं. मागचं चाक उचलून धरलं, पेडल हाताने फिरवत ठेवलं.

"टाका बघू आता."

त्यांनी मूठ फिरवली. चौथा, तिसरा, दुसरा. पडले! जड पडले, पण पडले. बाबा हाताकडे बघत होते, मग मुठीकडे, मग परत हाताकडे.

"म्हणजे रबर गेलंय होय?"

"रबर गेलंय. आणि अजून काहीतरी गेलंय, ते शोधतो."

ते 'अजून काहीतरी' शोधायची पद्धत सांगतो, कारण तिथेच बहुतेक लोक पैसे वाया घालवतात. मागचा गिअर सर्वांत छोट्या चकतीवर आणायचा, म्हणजे केबल सैल होते. मग मागच्या डिरेलरवरचा केबल पकडणारा बोल्ट (५ मिमी ॲलन की) सैल करून केबल मोकळी करायची, टोक हाताने हलकं ताणून धरायचं आणि मूठ फिरवून बघायची. मूठ तरीही जड असेल तर दोष शिफ्टरमध्ये किंवा केबलमध्ये. आता आउटरमधून केबल बाहेर ओढून पुन्हा फिरवायची. हलकी झाली, तर दोषी केबल. आमच्याकडे लगेच हलकी झाली. आउटरमधून निघालेली केबल बघाल तर चहाच्या रंगाची.

इथे जुहू आलं. आमच्या सोसायटीतून समुद्र दिसत नाही, फक्त त्याचा गंज दिसतो. ज्यांच्या खिडकीतून समुद्र दिसतो त्यांनी त्याचे पैसे मोजलेत, गंज मात्र सर्वांना फुकट. खिडकीचे गज, एसीचे ब्रॅकेट, स्कूटरचे नट, सगळ्याला दोन पावसाळ्यांत तोच तपकिरी रंग. हवेतलं मीठ ओलावा धरून ठेवतं, आणि आउटरच्या आत गेलेला ओलावा तर वाळायची सोयच नाही. सायकलच्या गिअरची केबल जेमतेम १.२ मिलिमीटर जाडीची. सात गिअरच्या सायकलला मागच्या दोन शेजारच्या चकत्यांमधलं अंतर साधारण ५ मिमी, आणि एक गिअर बदलायला केबल सरकते फक्त तीनेक मिमी. एवढ्याशा हालचालीत गंजाचं घर्षण आलं की सगळं बिघडतं.

त्यातही गंमत अशी की जड गिअरकडे जाताना केबल सुटते, डिरेलरची स्प्रिंग ती ओढून घेते. तिथे हाताला जोर लागतच नाही. हलक्या गिअरकडे येताना स्प्रिंगच्या विरुद्ध केबल ओढावी लागते, तिथे सगळा जोर हाताचा. म्हणजे बाबांना एस. व्ही. रोडच्या सपाटीवर गिअर चढवता यायचे आणि नेमके पुलाच्या पायथ्याशी उतरवता यायचे नाहीत. चढावर बहात्तरीचा माणूस सगळ्यात जड गिअरमध्ये अडकलेला! माझाही त्या पुलावर जीव गेला असता.

मला आकडे लागतात, त्याशिवाय झोप येत नाही. शिफ्टरभोवती पट्टा गुंडाळून त्याला प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा लावला आणि गिअर पडेपर्यंत ओढला. जुन्या केबलला साडेसात किलो. त्याच शिफ्टरला नवी केबल, नवा आउटर घातल्यावर साडेतीन. दोन बग होते आणि दोघं एकमेकांना झाकत होते. नुसती पकड असती तर जोर लावून निभावलं असतं, नुसती केबल चांगली असती तर गुळगुळीत मूठही फिरली असती. दोन्ही हळूहळू, महिन्या-महिन्याने बिघडत गेलं आणि माणसाला वाटलं आपणच संपत चाललोय.

दुकानाचाही किस्सा सांगायला हवा. केबल आणायला गेलो तेव्हा सहज विचारलं, असे ट्विस्ट शिफ्टर मिळतील का? उत्तर: "सर, ते आता कोण वापरतं? ट्रिगर टाकून देतो, एकदम स्मूथ." अंगठ्याचं सांगितलं, तर "मग अंकलना ई-बाइक घ्या." माणूस वाईट नव्हता, त्याच्या गिऱ्हाइकांना बहुधा हेच हवं असतं. पण हे ऐकून मला आपल्याच धंद्यातली खोड आठवली. जोएल स्पॉल्स्कीचा २००० सालचा तो प्रसिद्ध लेख आठवतो का, नेटस्केपने चालता कोड टाकून सगळं नव्याने लिहायला घेतलं त्याबद्दलचा? जुन्या कोडमधली जी ओळ विनाकारण वाटते ती कोणाच्या तरी अडचणीसाठी लिहिलेली असते. आमच्या हँडलवर ती अडचण म्हणजे उजवा अंगठा.

तात्पुरता इलाज ट्यूबचा केला. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून फेकायला काढलेली ट्यूब आणली (पैसे घ्यायला तो तयार नव्हता), शिफ्टरच्या रुंदीचा तुकडा गोल कापला, आणि सॅनिटायझर चोळून ओलसर असतानाच ताणून चढवला. कोविडच्या काळातल्या बाटल्या अजून प्रत्येक घरात असतील, त्या वापरा. मात्र पाण्यासारखं पातळ हवं, जेल नको. अल्कोहोल उडून जातं आणि रबर घट्ट बसतं. तेल किंवा डब्ल्यूडी-४० चुकूनही नको, मग पकड कधीच येणार नाही. आधी जुनं चिकट आवरण त्याच सॅनिटायझरने आणि फडक्याने घासून काढा. आणि ट्यूबची कड शिफ्टरच्या फिरणाऱ्या भागाबाहेर जाऊ देऊ नका, नाहीतर ती शेजारच्या स्थिर मुठीला घासते आणि हात परत जड.

ट्यूब दोन महिने उत्तम चालली. एकच तक्रार, तळहात काळा व्हायचा, आणि कट्ट्यावर कोणीतरी "काय हो, मतदान करून आलात का?" म्हणाल्यामुळे बाबांना ती आवडेना. शेवटी तीन बाय सातचे नवे ट्विस्ट शिफ्टर ऑनलाइन मागवले. घेताना दोन गोष्टी बघा. मागे जितक्या चकत्या तितक्याच गिअरचा शिफ्टर हवा. आणि तो तुमच्या डिरेलरशी जुळणारा हवा. स्रॅमचे काही ट्विस्ट शिफ्टर शिमानोच्या डिरेलरसाठी बनवलेले असतात, काही नसतात. केबल किती ओढायची याचा हिशेबच वेगळा असतो, त्यामुळे बसतात छान आणि गिअर पडतो भलताच. आउटर घेताना 'गिअरचा' असं स्पष्ट सांगा. ब्रेकचा आउटर आतून वेगळा असतो, तो गिअरला लावला तर गिअर नेमका बसत नाही. आणि उलटं, गिअरचा आउटर ब्रेकला तर कधीच लावू नका. जोरात ब्रेक मारल्यावर तो फाटू शकतो.

अजून एक. ट्विस्ट शिफ्टरच्या बाहेरच्या बाजूला जी स्थिर मूठ लागते ती आखूड, साधारण ९० मिमीची. दुकानात मिळतात त्या लांब, १३० मिमीच्या आसपास. आखूड मिळाल्या नाहीत, म्हणून लांब आणून कटरने कापल्या. सरळ कापण्यासाठी मुठीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या कडेने कापा, जमतं. फिटिंगला दीड तास गेला, त्यातला अर्धा तास जुन्या मुठी काढण्यात. (बारीक स्क्रू ड्रायव्हर आत सरकवून फटीत सॅनिटायझर, मग पिळत पिळत बाहेर.)

हे काम चालू असताना बाबा शेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते. चेतकचे गिअर कसे दोन केबलवर चालायचे, एक वर ओढायला आणि एक खाली, आणि त्यातली एक तुटली की दुसऱ्या गिअरमध्येच अंधेरीपासून घरी कसं यायचं, ते ऐकवत होते. मी पाना मागितला की पाना, फडकं मागितलं की फडकं. शेवटचा बोल्ट मात्र त्यांनी मला आवळू दिला नाही. "दे इकडे," म्हणाले, आणि चार बोटांनी ॲलन की धरून स्वतः आवळला.

रविवारी साडेसहाला निघाले, सव्वानऊला आले. मी पेपर वाचत असल्यासारखा गॅलरीतच होतो. वर आले, पंख्याखाली बसले, पाणी प्यायले.

"पूल?" मी विचारलं.

"दुसऱ्यावर चढली. वर पोचल्यावर जरा थांबलो, पण बसूनच, उतरलो नाही." मग ग्लास खाली ठेवत म्हणाले, "ती घंटी मात्र तू फार आत सरकवलीयस. अंगठ्याने वाजते ती, कशी वाजवू मी? तिचं काहीतरी बघ."

पुढच्या शनिवारी घंटी.